उन्हाळा, मंडळी आणि एक अक्षर

इंदूर, सोमवार, १९ मे २०२५

आज सकाळी सहाच्या सुमारास चर्चचे फाटक उघडले, तेव्हा पाणपोईवरच्या सात माठांपैकी चार कोरडे पडले होते आणि पाचव्याच्या बुडाला बारीक तडा जाऊन खालचे गोणपाट ओलेचिंब झाले होते. सोमवार आणि गुरुवार या माझ्या पाळ्या आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महिला मंडळाने पाणपोई घातली, तेव्हा मला वाटले होते की माठ भरायला असा काय वेळ लागणार आहे. परंतु आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तेही जेमतेम पाऊण तास, आणि तेवढ्या वेळात पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरची टाकी, चर्चमागची टाकी आणि हे सात माठ यांत आधी कोण, हे ठरवताना जे राजकारण चालते, ते कमिटीच्या निवडणुकीतही चालत नाही. हे पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून येते आणि शहराला ते मिळू लागले १९७८ मध्ये. त्याआधीचे उन्हाळे आम्ही आवारातल्या विहिरीवर काढले. आता त्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि जाळीवर जास्वंदीच्या कुंड्या.

पाणपोईच्या पाटीवर काय लिहावे, यावर दोन बैठका झाल्या होत्या. थंड पाण्याच्या प्याल्याविषयीचे बायबलमधले वचन लिहावे, अशी तरुण संघातल्या एकाची सूचना होती. वचन योग्यच होते. परंतु तहानलेल्या माणसाला आधी काही वाचायला लावू नये, असे वयस्कर बायकांचे मत पडले, आणि त्या मतात थोडी सावधगिरीही होती, हे रोजनिशीत लिहून ठेवायला हरकत नाही. शेवटी ‘पीने का पानी’ एवढेच लिहिले. ओगराळे मात्र साखळीने बांधावे लागले, कारण पहिले आठव्या दिवशीच नाहीसे झाले.

आजपासून मुलांची सुट्टीतली पवित्र शास्त्र शाळा सुरू झाली. हे तिचे कागदावरचे नाव. सगळे म्हणतात व्हीबीएसच, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, दिवस दहा, मुले एकतीस. त्यांतली वीस आमच्या मंडळीतली आणि अकरा पाहुणी. मे महिन्यात रविवारची बाके निम्मी रिकामी दिसतात, कारण नोकरीवाले आपापल्या गावी गेलेले असतात. पण त्याच महिन्यात माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची मुले नगर, पुणे, नागपूर इथून येऊन हे आवार भरून टाकतात. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. तिकडच्या चोंडीत जन्मलेली मुलगी इकडे होळकरांची सून म्हणून आली आणि राज्य करून गेली. त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांना मी गमतीने सांगते की तुमच्या जिल्ह्याला आमच्या राणीचे नाव दिले आहे. त्यांना ते फारसे पटत नाही.

माझ्याकडे गाण्याचा तास आहे. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या रविवारी, ८ जूनला, मुलांनी उपासनेत एक मराठी भजन म्हणावे, असे पाळकसाहेबांनी सुचवले आणि मी विचार न करता हो म्हटले.

शुक्रवार, २३ मे

विचार करायला हवा होता.

आमची उपासना हिंदीत होते. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इंदुरात आले, त्यांनी हिंदीतून काम केले आणि ते स्वाभाविकच होते. मराठी इथे मागाहून आली, ती नगरकडून आलेल्या परिचारिका, कंपाउंडर आणि शिक्षक यांच्या सामानातून. माझी आजी त्यांतलीच एक. मिशनच्या दवाखान्यात तिने तीस वर्षे काढली आणि रात्रपाळीत ती ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने गुणगुणत असे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला अभंगाच्या चालीत गायला शिकवले, नाहीतर आम्ही अजून परदेशी चालींत मराठी शब्द कोंबत बसलो असतो. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आमची मंडळी तिच्यात गेली, आणि मराठी उपासना महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता उरली. तिला वीस-बावीस माणसे येतात. त्यांतल्या सर्वांत तरुण बाई चोपन्न वर्षांच्या आहेत.

तर निवडलेले भजन टिळकांचे. मुलांना देवनागरी उत्तम वाचता येते, त्यामुळे कागद वाटल्याबरोबर त्यांनी ते घडाघडा वाचून दाखवले, आणि सगळे हिंदी उच्चारांनी. च आणि ज यांचे मी सोडून दिले. परंतु ळ कुठेच नव्हता. आमच्या वीस मुलांना ळ दिसत होता, तो वहीत काढताही येत होता, पण तोंडातून निघताना त्याचा ल होत होता. नागपूरच्या पाहुण्या मुलीला हसू आवरेना. मग आमच्या मुलांनी तिचे ‘है’ आणि ‘हैं’ काढून दाखवले आणि दोन्ही बाजू लाल होईपर्यंत भांडण चालले.

मी फळ्यावर शब्द लिहिले: मंडळी, पाळक, शाळा, उन्हाळा, ओगराळे. लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आले की आमच्या चर्चमधले रोजचे निम्मे शब्द या एका अक्षरावर उभे आहेत. जीभ टाळूकडे मागे वळवा, तिथून खाली सोडा, असे चार दिवस सांगितले. मी छत्तीस वर्षे शाळेत हिंदी शिकवली आहे, पण जीभ कुठे ठेवावी, हे सांगून कोणी शिकत नाही, हे मला या वयात कळायला नको होते.

काल एक गोष्ट घडली. तडा गेलेल्या माठाच्या बदली नवा माठ घेऊन कुंभारीण आली. ती देपालपूरच्या बाजूची, दर उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर पिंपळाखाली माठ मांडून बसते. मुले पोह्यांच्या बशा घेऊन पायऱ्यांवर बसली होती. मी माठाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होते आणि ती मला माती समजावत होती, की ही काळी नाही, पीळी आहे, काळ्या मातीचा माठ पाणी गार करत नाही. पीळी. पिवळी नव्हे, पीली नव्हे; मधोमध स्वच्छ, भरदार ळ. मी तिला विचारले, बाई, तुमचा मुलूख कोणता? ती म्हणाली, ‘माळवो’.

शाळेच्या पुस्तकात मालवा, आमच्या मराठीत माळवा आणि या मातीत बसलेल्या बाईच्या तोंडी माळवो. माझ्या डोक्यात आजवर असे पक्के होते की ळ आम्ही दख्खनेतून बरोबर आणला, इथल्या हवेत तो टिकला नाही आणि म्हणून आपली पोरे तो विसरली. तो इथे आमच्या आधीपासून होता. हरवला तो शाळा, दूरदर्शन आणि आमच्या बैठकीच्या खोल्या यांच्यामध्ये कुठेतरी, आणि त्यात माझ्यासारख्या हिंदीच्या मास्तरणीचा वाटा लहान नसणार.

मी मुलांना खाली बोलावले आणि तिला पुन्हा बोलायला सांगितले. तिला वाटले की माझी किमतीबाबत काही तक्रार आहे, म्हणून तिने आधी दहा रुपये कमी केले. मग तिला प्रकार समजला आणि ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. काळो, पीळो, माळवो, असे ती म्हणत गेली आणि मुले तिच्या तोंडाकडे पाहून म्हणत गेली. चार दिवसांत फळ्यापुढे जे झाले नाही, ते दहा मिनिटांत सतरा जणांना जमले. दहा रुपये मी तिला परत दिले.

पुण्याच्या पाहुण्याला मात्र या सगळ्यापेक्षा पोह्यांवर भुरभुरलेल्या जीरावन मसाल्याचे आश्चर्य अधिक वाटले. त्याने ते तीन वेळा मागून घेतले.

गुरुवार, २९ मे

स्वर्गारोहणाचा दिवस, म्हणजे पुनरुत्थानापासूनचा चाळिसावा. शाळेचा समारोप संध्याकाळी साडेसहाला आवारात ठेवला होता, कारण आत पंखे असूनही भट्टी होते. यंदा मे महिन्यात ऊन कमी आणि वादळे अधिक, हे माहीत असूनही आम्ही कापडी मांडव घातला, आणि सहा वाजून वीस मिनिटांनी आलेल्या वावटळीने तो उचलून पाळकसाहेबांच्या पेरूच्या झाडावर पसरला. वीज गेली. कॉयरच्या तरुणांचा कीबोर्ड बंद पडला, तेव्हा स्टोअरमधली जुनी पेटी बाहेर काढली. तिची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही, ती बोटाने उचलून घ्यावी लागते. मी वाजवत होते आणि ती पट्टी उचलण्याचे काम नऊ वर्षांच्या एका मुलाला दिले होते. त्याने ते काम इतक्या गांभीर्याने केले की गायचे राहून गेले.

आमच्या जुन्या बायका एरवी शेवटच्या बाकावर असतात आणि हिंदी गीतांना नुसते ओठ हलवतात. अंधारात भजन सुरू झाल्यावर त्यांना कागद लागला नाही. एका आजींनी, वय सत्त्याऐंशी, पुढची सगळी कडवी एकटीने ओढली आणि मुले मागून येत राहिली. मग त्यांनी कागदावर नसलेले एक कडवे म्हटले. ते खरेच त्या भजनातले आहे की दुसऱ्या कुठल्या, हे कोणालाच सांगता आले नाही. पाळकसाहेबांनी ‘आमेन’ म्हणून तो प्रश्न मिटवला.

जेवण साधे होते, वरणभात, वांग्याची भाजी आणि आंब्याचा रस. त्यानंतरचे एक खास इंदुरी काम म्हणजे कचरा. ओले वेगळे, सुके वेगळे, प्लास्टिक वेगळे. पाहुण्यांनी कोयी आणि कागदी ग्लास एकाच पिशवीत टाकलेले पाहून आमच्या सहा वर्षांच्या मुलीने त्यांना जे सुनावले, तेवढे प्रवचनातही कोणी ऐकत नाही.

रविवार, १ जून

उपासनेनंतर सरावाला फक्त नऊ मुले. काल अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती झाली आणि त्याच दिवशी शहरात मेट्रोही सुरू झाली. सध्या पाचच स्थानके आणि जेमतेम सहा किलोमीटर, पण पहिला आठवडा फुकट आहे, तेव्हा पेटीवर बसलेल्या बाईने काय स्पर्धा करावी! मी थोडी रागावले. घरी आल्यावर कळले की सत्त्याऐंशी वर्षांच्या आजीसुद्धा नातवंडांबरोबर मेट्रोतच होत्या.

रविवार, ८ जून

अकरा पाहुण्यांपैकी सात दौंडच्या गाडीने बुधवारीच परत गेले. त्यांच्या शाळांचे गणवेश, वह्या, सगळे व्हायचे होते. आरक्षण मिळेल त्या दिवशी जावे लागते, पेंटेकॉस्ट पाहून कोणी तिकीट काढत नाही. ज्यांना ळ जन्मापासून येत होता, ते गेले आणि ज्यांना दहा मिनिटांत आला होता, ते उरले. नागपूरची मुलगी राहिली होती. तिने जाण्यापूर्वी ‘हैं’ नीट म्हणून दाखवीन, असे कबूल केले आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय आमच्याकडे या दिवशी चार भाषांत वाचतात. पार्थी, मेदी, एलामी आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकतात, तो भाग. हिंदीतून पाळकसाहेबांनी वाचला, इंग्रजीतून कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने, मराठीतून मी, आणि मल्याळममधून मोठ्या दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकाबाईंनी. दरवर्षी त्यांचे वाचन सुरू झाले की मुलांची चुळबुळ सुरू होते, कारण त्यातले एक अक्षरही कोणाला कळत नाही. आज पुढच्या तीन बाकांवर कमालीची शांतता होती. मी मान वळवून पाहिले, तर मुले एकमेकांना कोपरांनी ढोसत होती आणि पेटीची पट्टी उचलणारा मुलगा बोटांवर काहीतरी मोजत होता.

भजनापूर्वी तो माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, ‘काकू, आंटींच्या भाषेत आपल्यापेक्षा जास्त ळ आहेत, माझी बोटे संपली.’ मी त्याला म्हटले, अरे, त्या भाषेच्या नावातच ळ आहे, मलयाळम. त्याने तो शब्द दोनदा अचूक म्हणून पाहिला, जागेवर जाऊन उभा राहिला, आणि भजनातला प्रत्येक ळ खणखणीत आवाजात ल म्हणून गायला.