डेटा पळतोय, कॉल मात्र लागेना

"दादा, यात पोस्टमार्केटओएस टाकून द्या. रोजचा फोन म्हणून हाच वापरणार आहे," असं म्हणत इंजिनीअरिंगच्या एका पोरानं वनप्लस ६ आमच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला. पोस्टमार्केटओएस म्हणजे अँड्रॉइडच्या जागी फोनवर बसणारं लिनक्स. फोनची निवड उत्तम होती. २०१८ चं मॉडेल, आत स्नॅपड्रॅगन ८४५ चिप. या चिपवर लिनक्सवाल्यांनी भरपूर काम केलंय, त्यामुळे स्क्रीन, टच, वायफाय, ब्लूटूथ व्यवस्थित चालतं. कॅमेऱ्याची आशा धरू नकोस, एवढं आधीच सांगून टाकलं.

पहिलं काम बॅकअपचं. फोटो तर घ्यायचेच, पण पुढे बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक झाला की मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ ही मोडेमची, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाची, पार्टिशनंही बाहेरची रिकव्हरी (दुरुस्तीचा मोड) चालवून कॉपी करून ठेवायची. ती उडाली की आयएमईआय जातो, आणि मग फोनला नेटवर्क धरत नाही. फोटो घेतल्यावर ऑक्सिजनओएस, म्हणजे वनप्लसचं अँड्रॉइड, शेवटच्या आवृत्तीपर्यंत अपडेट केली, कारण मोडेमचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) तिथूनच येतं. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, ओईएम अनलॉकिंग चालू, फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सिस्टिम चढवायचा मोड), मग 'फास्टबूट ओईएम अनलॉक'. इथे सगळा डेटा पुसला जातो.

नव्या कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट कधीकधी अर्ध्यात लटकतं. मध्ये जुना यूएसबी २ चा हब लावला की बहुतेकदा काम होतं. पोस्टमार्केटओएसच्याच पीएमबूटस्ट्रॅप या साधनानं इमेज तयार केली, वर पडद्यासाठी फॉश घेतलं, रूट फाइल सिस्टिम (मुख्य सिस्टिम) यूजरडेटा पार्टिशनवर चढवली, मग कर्नल (सिस्टिमचा गाभा). आणि 'फास्टबूट इरेझ डीटीबीओ' विसरायचं नाही. डीटीबीओ म्हणजे फोनच्या हार्डवेअरच्या यादीवरची अँड्रॉइडची दुरुस्ती; ती तशीच राहिली तर बूटलोडर ती नव्या कर्नलच्या डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे त्याच्या हार्डवेअर यादीवर, लादतो आणि फोन सुरूच होत नाही. लोक इथेच 'ब्रिक झाला', म्हणजे फोन कायमचा मेला, म्हणून घाबरतात. झालेलं काही नसतं.

फोन झकास सुरू झाला. जिओचं सिम घातलं, एपीएनमध्ये 'जिओनेट' भरलं, ब्राउझर पळायला लागला. पोरगा खूश. मग त्यानं आईला फोन लावला. लावला की कटच.

टर्मिनलवर एमएमसीएलआय या कमांडनं मोडेमची स्थिती पाहिली: रजिस्टर्ड, एलटीई (४जी), सिग्नल चांगला. बिघाड कुठेच नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, तिथला प्रत्येक कॉल व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटावरून, जातो. त्यासाठी लागणारा आयएमएसचा (असे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेचा) भाग अँड्रॉइडमध्ये कंपनीनं घातलेला असतो. आम्ही टाकलेल्या आवृत्तीत तो नव्हता. फोन बदला, केबल बदला, परत फ्लॅश करा, काही उपयोग नाही.

खात्रीसाठी दुकानातलं एअरटेलचं सिम घातलं. कॉल लागला, आवाजही नीट. कॉल चालू असताना पडद्यावरचं एलटीई जाऊन २जी आलं आणि डेटा थांबला. फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं एलटीई परत. एअरटेलचं २जी अजून आहे म्हणून हे जमतं.

ही चाचणी फोन न पुसताही होते, आणि आता आम्ही तीच आधी करायला लावतो: अँड्रॉइडमध्येच सिमच्या सेटिंगमधलं व्होल्टीचं बटण बंद करायचं आणि कॉल लावून बघायचा. लागला तर २जीवर काम भागतं, मग पुढचं बोलू.

यूपीआयचं त्यानं विचारलंच. वेड्रॉइडमध्ये (लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवणारा प्रोग्रॅम) अँड्रॉइडची ॲप्स उघडतात, पण त्याला सिम दिसत नाही. यूपीआय ॲपला नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस पाठवायचा असतो, म्हणजे गाडी तिथेच अडते. बँकेसाठी दुसरा साधा अँड्रॉइड ठेवणं भाग आहे.

पोरगा मागे हटला नाही, नंबर एअरटेलला पोर्ट करतो म्हणाला. १९०० वर 'पोर्ट' आणि नंबर हा एसएमएस त्याच सिमवरून जावा लागतो, म्हणून ते जिओचं सिम आधी एका अँड्रॉइड फोनमध्ये घातलं. उत्तरात येणारा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, महाराष्ट्रात चार दिवसच चालतो, तेवढ्यात एअरटेलच्या दुकानात जाऊन केवायसी कर, म्हणून बजावलं.