चोरलेल्या नावामागची खरी बाई कशी शोधायची : माझा अनुभव

टेक्सासमध्ये 2010 साली एक बाई वारली आणि तिच्या कुलूपबंद पेटीतल्या कागदांवरून सासरच्यांना कळलं, की ती ज्या नावाने वावरली ते तिचं नव्हतंच. 1971 साली वॉशिंग्टन राज्यात आगीत दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा जन्मदाखला तिने 1988 मध्ये मिळवला होता. त्यावर आयडाहोचं ओळखपत्र, मग टेक्सासच्या कोर्टातून रीतसर नावबदल, मग सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक. प्रत्येक कागद अस्सल, फक्त बाई दुसरीच. मुलगी जन्मली कॅलिफोर्नियात, गेली वॉशिंग्टनमध्ये. दोन राज्यांच्या नोंदी एकमेकींशी कुणी ताडत नसे. आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदाच नंबर मागते, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. मुलांचा नंबर लहानपणीच काढण्याची सवय अमेरिकेत 1986 च्या करकायद्यानंतर लागली.

नावबदलानंतर कागदाचा माग खुंटतो, म्हणून रक्ताचा माग काढायचा. 2016 मध्ये डीएनएवरून वंशावळी शोधणाऱ्या तज्ज्ञ कोलीन फिट्झपॅट्रिक यांनी या बाईची खरी ओळख अशीच शोधली. अशा कामात मी ज्या क्रमाने जाते तो सांगते.

बाईला मूल असेल तर मुलाच्या लाळेत तिचा अर्धा डीएनए असतो. मूल अल्पवयीन असेल तर आधी पालकाची लेखी संमती. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए चाचणी कंपन्यांकडे लाळ पाठवून तिथेच चाचणी करावी लागते. तिथला कच्चा डेटा उतरवून जीईडीमॅच आणि फॅमिलीट्रीडीएनए या डीएनए ताडून पाहणाऱ्या संकेतस्थळांवर चढवायचा. मुलाच्या वडिलांचीही चाचणी जमली तर उत्तम, कारण त्यांच्याशी जुळणारे नातेवाईक थेट वगळता येतात.

मग जुळणाऱ्यांची यादी. सेंटिमॉर्गन हे सामाईक डीएनए मोजण्याचं एकक; आकडा मोठा, तर नातं जवळचं. 90 ते 400 सेंटिमॉर्गनमधले लोक घ्यायचे आणि कोण कोणाशी जुळतं ते पाहून त्यांना रंग द्यायचे. याला लीड्स पद्धत म्हणतात. साधारण चार गट पडतात, चार आजी-आजोबांचे. वडिलांकडचे दोन बाजूला काढले की उरलेले दोन आपले. 7 सेंटिमॉर्गनखालच्या तुकड्यांच्या नादी लागू नये; त्यातले बरेचसे योगायोगाचे असतात.

सगळ्यात जास्त गफलत पिढी मोजताना होते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी 870 च्या आसपास सेंटिमॉर्गन सामाईक असतात. पणजोबा-पणजी एक असतील तर 230, खापरपणजोबा-खापरपणजी एक असतील तर 70-75. पण नमुना बाईच्या मुलीचा आहे, बाईचा नाही. बाईचा सख्खा मामेभाऊ मुलीच्या यादीत 430 च्या आसपास दिसतो, आणि मुलीच्या आजीची सावत्र (आई किंवा बाप एकच असलेली) भावंडंही जवळपास त्याच आकड्यावर येतात. एक आकडा कधीच एक नातं सांगत नाही. त्यात पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं झालेला समाज असेल तर सगळे आकडे फुगतात आणि लांबचे नातेवाईक जवळचे भासतात.

गटातल्या लोकांच्या वंशावळीत पूर्वजांकडे वर जाऊन सामाईक जोडपं शोधायचं, मग तिथून खाली उतरायचं : प्रत्येक मूल, प्रत्येक नातवंड, प्रत्येक लग्न. खरा वेळ इथेच जातो. अमेरिकेची जनगणना 72 वर्षांनीच खुली होते, म्हणून 1950 पर्यंतच घरटी नावं मिळतात. त्यापुढे वर्तमानपत्रांतले मृत्यूलेख, शाळांची वार्षिकं आणि लग्नाच्या नोंदी. मृत्यूलेखाच्या शेवटी ‘मागे कोण कोण’ ही यादी असते, तिच्यात सोनं असतं. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी मात्र फक्त इशारा म्हणून घ्याव्यात. एकाने केलेली चूक पन्नास जण उतरवून घेतात.

आपल्या दोन गटांना जोडणारं लग्न सापडलं की त्या जोडप्याच्या मुली पाहायच्या. वय बसतं, पण ठरावीक वर्षानंतर पत्ता नाही, लग्न नाही, मृत्यूची नोंद नाही. बापाच्या मृत्यूलेखात नाव आहे, गाव नाही. अशी मुलगी सापडली की थांबायचं आणि जन्मनोंद मागवायची.

घरच्यांना फोन शक्यतो तपास अधिकाऱ्याने करावा, हौशी माणसाने नाही. पोलिसी प्रकरण नसेल तर नातेवाईकाने पत्र लिहावं. ती स्वतःहून घर सोडून गेली असेल, तर का गेली हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यामुळे तिच्या मुलीचा पत्ता पहिल्याच पत्रात देऊ नये.

शेवटची खातरजमा पुन्हा चाचणीनेच. मुलीची आजी आणि सख्खी मावशी, दोघींशी सरासरी 1750 च्या आसपास जुळायला हवं. मावशीचा आकडा 870 कडे आला तर ती बहुधा सावत्र आहे. मग त्या घरातलं दुसरं लग्न शोधायला लागायचं.