तुम्ही विचारलंत म्हणून: शिट्ट्यांत मटण होतं, मग स्लो कुकर कशाला?

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. त्याचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. एक, कुकरच्या शिट्ट्यांत अर्ध्या तासात मटण होतं, तर आठ तास यंत्र चालू ठेवायचं कशाला? दुसरा, आणून बघितला हो, पण रस्सा पाणचट झाला, आलं-लसणाचा कच्चट वास राहिला, आता तो माळ्यावर पडलाय. असं का झालं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. घाई असेल तर प्रेशर कुकरच लावा. स्लो कुकर त्याची जागा घेत नाही. नळी, मान, खांदा, पाये अशा चिवट मालासाठी तो आहे आणि तिथे तो कुकरला मागे टाकतो. दुसऱ्याचं उत्तर असं की इंग्रजी रेसिप्यांत ‘सगळं एकत्र टाका, झाकण लावा, कामाला जा’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्या रश्श्याला ते चालत नाही. वाटण-मसाल्याचं काम गॅसवरच उरकायचं. यंत्राकडे फक्त शिजण्याचा वेळ सोपवायचा.

आत काय होतं ते आधी बघू. मांसात स्नायूंचे धागे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन असतं. धागे साधारण ६०-६५ अंशांपासून आवळायला लागतात आणि आतलं पाणी पिळून काढतात. कोलॅजन ७०च्या पुढे हळूहळू विरघळून त्याचं मऊ, जेलीसारखं जिलेटिन होतं, पण त्याला तास लागतात. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबाला १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, म्हणून तेच काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं. फक्त तिथे ‘झालं’ आणि ‘जास्त झालं’ यांच्यात चार-पाच मिनिटांचं अंतर असतं, आणि झाकण पडेपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही. स्लो कुकरमध्ये तेच अंतर तासाभराचं असतं. यंत्रावर लो आणि हाय अशा दोन खुणा असतात. बहुतेक यंत्रांत दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खाली, जवळपास एकाच तापमानाला पोचतात. लोवर पोचायला वेळ लागतो, एवढाच फरक.

यातूनच सगळ्यात जास्त येणाऱ्या तक्रारीचा उलगडा होतो: ‘चार तास झाले तरी चामडंच.’ चौथ्या तासाला धागे पुरते आवळलेले असतात आणि कोलॅजन सुटायचं असतं. मटण तेव्हाच सगळ्यात वाईट लागतं, आणि नेमकं तेव्हाच लोक वैतागून ते काढून कुकरला लावतात. एक तुकडा बाहेर काढून दाताखाली धरा. रबरासारखा परत उसळत असेल तर अजून दोन तास द्या, काही बिघडलेलं नाही. उलट तुकडा सुटून येतोय पण धागा-धागा होऊन कोरडा लागतोय, तर तो जास्त शिजलाय, किंवा मुळात तो तुकडाच स्लो कुकरचा नव्हता. या दुसऱ्यावर इलाज नाही. मांस सोडवून रश्श्यात मुरवा आणि पावाबरोबर संपवा.

म्हणून खाटकाकडे काय मागता याला महत्त्व आहे. मुंबईत ‘एक किलो मिक्स द्या’ म्हणायची सवय असते आणि तो मांडीपासून बरगडीपर्यंत सगळं घालतो. स्लो कुकरसाठी खांदा म्हणजे दस्ती आणि मान जास्त मागा, दोन-तीन नळ्या वेगळ्या सांगा, आणि तुकडे दीड इंचाचे करायला सांगा. दुकानात सवयीनं त्याहून बारीक करतात; बारीक तुकडे आठ तासांत हाडावरून गळून रश्श्यात हाडांचा चुरा उरतो. मांडीचं निव्वळ मांस दिसायला सुंदर, पण त्यात कोलॅजन कमी. ते सुक्यासाठी ठेवा. चरबी सगळी काढायला लावू नका, पण जाड थर असेल तर निम्मा काढा, कारण इथे काही जळून जात नाही, सगळं तुमच्या ताटात येतं. परदेशी रेसिपीतल्या वेळा दीड-दोन किलोच्या अखंड गोमांसाच्या गड्ड्यासाठी लिहिलेल्या असतात. आपलं बोकडाचं, हाडासकट कापलेलं मटण त्याच्या आधी होतं. ‘आठ ते दहा तास’ वाचलं की मनात ‘सहा ते सात’ करून घ्या.

आता एक किलोचा रस्सा, साडेतीन लिटरच्या भांड्यासाठी. रात्री मटणाला अर्धा चमचा हळद, दीड चहाचा चमचा मीठ आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण चोळून फ्रिजमध्ये ठेवा. दहा-बारा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं पुरे. मीठ नेहमीपेक्षा थोडं कमीच बरं. रस्सा आटत नाही तरी मीठ शेवटी वाढवता येतं, काढता येत नाही. सकाळी तीन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा. कांद्याबरोबर भाजलं तर खोबरं आधी करपतं. दोन्ही गार करून अगदी बारीक वाटा, पाणी जेमतेम घाला.

कढईत तीन मोठे चमचे तेल, त्यात दोन लवंगा, एक तमालपत्र, दालचिनीचा छोटा तुकडा. खडा मसाला नेहमीच्या निम्माच घाला, कारण इतक्या तासांत लवंग आणि दालचिनी सगळ्यावर चढतात. मग मटण टाकून मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं परता. ही पायरी गाळायची नाही. स्लो कुकरमध्ये तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे कांदा कधी लाल होत नाही, मटण खमंग होत नाही आणि लसणाचा कच्चेपणाही जात नाही. ज्यांचा रस्सा ‘उकडल्यासारखा’ लागतो त्यांनी बहुतेक हेच टाळलेलं असतं. परतून झालं की अडीच-तीन मोठे चमचे घरचा मसाला घाला, मालवणी असो की आगरी-कोळी. तो तेलात मिनिटभर परता, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. तर्री हवी असेल तर ती याच मिनिटाला ठरते. पुढे भांड्यात खळखळ उकळी येत नाही, त्यामुळे तेल रश्श्यात मिसळून न जाता स्वच्छ वर येतं. पण त्याला रंग आधीच चढलेला असावा लागतो.

सगळं गरम-गरम भांड्यात ओता. कढईत एक लहान वाटी, साधारण दीडशे मिली, गरम पाणी घालून खरवडून तेही ओता. बस. पाणी एवढंच. मटण स्वतःच कपभर पाणी सोडतं आणि झाकणाला लागलेली वाफ परत आत पडते. कुकरच्या अंदाजानं दोन-तीन पेले ओतलेत की पाणचट रस्सा ठरलेलाच. भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असावं; अर्धा किलो मटण मोठ्या भांड्यात पसरलं तर कडा करपतात. पहिला तास हाय, मग सहा तास लो. मध्ये झाकण उघडून बघायचा मोह आवरा. दर वेळी जमलेली वाफ जाते आणि वीस-तीस मिनिटं वाढतात. नळीच्या टोकाकडून मांस मागे सरकलेलं दिसलं आणि चमच्याच्या कडेनं तुकडा तुटला की झालं.

बटाटे घालायचे असतील तर मटणाच्या खाली, भांड्याच्या कडेला लावा. ऐकायला उलटं वाटतं, पण इथे बटाटा मटणाआधी शिजेलच असं नाही, आणि आंबट पडलं तर तो तासन्‌तास टणकच राहतो. म्हणून कोकम, चिंच किंवा टोमॅटो बटाटा मऊ झाल्यावरच. नारळाचं दूध आणि दही शेवटच्या अर्ध्या तासात घाला, नाहीतर फुटतात. गरम मसाला आणि कोथिंबीर बंद केल्यावर. एवढं करूनही रस्सा पातळ वाटला, तर झाकण काढून यंत्रावर आटवत बसू नका, तास जाईल. रस्सा तेवढा कढईत काढून मोठ्या गॅसवर आठ-दहा मिनिटं उकळा आणि परत मटणावर ओता.

वेळेचं गणित मुंबईत वेगळं बसतं. सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी सातला परत येणाऱ्याचे दहा तास होतात, आणि मटणाला सात लागतात. आपोआप ‘वॉर्म’वर जाणारं यंत्र असेल तर ठीक, दोन-तीन तास वॉर्मवर चालतात, नुसत्या खटक्याचं असेल तर दिवसा लावू नका, रात्री दहाला लावून पहाटे पाचला बंद करा. रविवारी सकाळी खाटकाकडे रांग लावून मटण आणायचं आणि एकला जेवायचं, हा बेत स्लो कुकरवर बसतच नाही. शनिवारी संध्याकाळी आणा. गटारीला तर शुक्रवारीच आणा.

टायमरचा प्लग लावून दुपारी बाराला आपोआप चालू करायची कल्पना कच्च्या मटणासाठी धोक्याची आहे. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात सकाळी नऊलाच तिशी ओलांडलेली असते. त्याच कारणानं बर्फाचं मटण कधी थेट घालू नका. फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. आणि मटण यंत्राच्या मातीच्या भांड्यातच मुरवून, फ्रिजमधून काढून तसंच चालू करायचं, हेही नको. गार भांडं तापायला फार वेळ घेतं आणि अचानक तापून तडकूही शकतं. शहरात वीज सहसा जात नाही, पण वसई-विरार किंवा बदलापूरकडे पावसाळ्यात जाते. तुम्ही घरी असाल तर लगेच सगळं पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. परत आलात आणि घड्याळ लुकलुकतंय, वीज किती वेळ नव्हती कळत नाही, तर वास चांगला असला तरी टाकून द्या. जीव कळवळतो, मटणाचे भाव बघता जास्तच, पण टाका.

बाकीच्या मांसाचं थोडक्यात. पाये या यंत्राचं सर्वांत चांगलं काम. आठ भाजून साफ केलेले पाये आधी दहा मिनिटं उकळून ते पाणी फेका, मग बुडतील एवढं गरम पाणी आणि लोवर दहा ते बारा तास. मोहम्मद अली रोडवर निहारी रात्रभर ठेवतात ती याच हिशेबानं. गार झाल्यावर रस्सा जेलीसारखा जमला तर काम फत्ते. गावठी कोंबडी सहा तास घेते आणि छान होते. ब्रॉयलर तीन-साडेतीन तासांत संपतो, त्याच्यासाठी यंत्र काढूच नये असं माझं मत. ईस्ट इंडियन घरांतल्या इंद्यालसारखं व्हिनेगर घातलेलं डुक्कर, चरबीसकट खांद्याचं, पाणी न घालता सात तास लोवर सुरेख होतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. खिम्याचे गोळे होतात. कलेजी खडूसारखी होते, ती तव्यावरच.

उरलेलं मटण त्या जाड भांड्यात गार व्हायला ठेवू नका, तासन्‌तास कोमट राहतं. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. परत गरम करायचं ते गॅसवर, चांगली उकळी आणून. स्लो कुकरमध्ये नाही.

आता खरेदी. चार जणांना साडेतीन लिटर पुरतं. यंत्र साधारण २०० वॅटचं असतं, म्हणजे आठ तासांना जास्तीत जास्त दीड-दोन युनिट. बिलाची धास्ती नको. मल्टीकुकरमधल्या ‘स्लो कुक’च्या बटणावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. ती बरीचशी फक्त तळातून तापतात आणि काही पुरेशी तापतच नाहीत. भांड्यात निम्म्याच्या वर पाणी भरून आठ तास लोवर ठेवा आणि झाकण उघडल्या-उघडल्या थर्मामीटर घाला. ८५ ते ९३ अंश यायला हवेत. त्याहून बरंच कमी आलं तर त्यात मांस शिजवू नका. आणि अमेरिकेतून कुणी सामानात घालून आणणार असेल तर आधीच थांबवा. तिथलं यंत्र ११०-१२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० येतात. नुसती पिन बदलून लावलं तर चौपट वीज ओढून ते पहिल्याच दिवशी जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण त्या खोक्याला ओट्यावर जागा कुठून काढणार ते आधी बघा.