आमची वाटचाल : लिहून देत नाही, लिहायला शिकवतो

कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करायची म्हणून आम्ही दोघा-तिघांनी हे काम सुरू केलं, तेव्हा येणाऱ्या बहुतेक फोनवर एकच विचारणा असायची : "असाइनमेंट करून मिळेल का?" करून मिळणार नाही, पण तुमच्या शेजारी बसून तुमच्याकडून करून घेऊ, असं सांगितलं की पलीकडून फोन बंद. घरच्यांनाही काळजी होती, हे असं किती दिवस चालणार? पण लिहून द्यायचं नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि पुढे आमचं काम जसं घडत गेलं ते या एका निर्णयामुळेच.

तयार असाइनमेंट विकण्याचा धंदा जगभर मोठा आहे. २००६ मध्ये थॉमस लँकेस्टर आणि रॉबर्ट क्लार्क या संशोधकांनी या प्रकाराला 'कॉन्ट्रॅक्ट चीटिंग' म्हटलं आणि पुढे तेच नाव रूढ झालं. न्यूझीलंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी अशा सेवांविरुद्ध कायदे केले, इंग्लंडमध्ये तसा कायदा २०२२ मध्ये झाला. पण आम्हाला कायद्यापेक्षा मुलांची काळजी जास्त होती. विकतच्या कागदावर नाव घालून दिलेल्या मुलाला व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'हे असं का?' एवढा साधा प्रश्न विचारला तरी घाम फुटतो. शिवाय काम विकणारेच नंतर "कॉलेजला कळवू" अशी धमकी देऊन आणखी पैसे उकळतात, असे प्रकारही घडलेले आहेत. आपल्याकडे विश्वासाने आलेल्या पोराला त्या सापळ्यात ढकलायचं नाही, एवढं पक्कं होतं.

सुरुवातीला आम्ही लेखनावरच काम केलं. एक पद्धत तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही. विद्यार्थी कच्चा मसुदा घेऊन येतो. त्यात एखादं चार ओळींचं वाक्य असतं : "सदर घटकाच्या अनुषंगाने विविध बाबींचा सर्वंकष परामर्श घेणे क्रमप्राप्त ठरते." आम्ही कागद उलटा करून ठेवतो आणि म्हणतो, "आता वाचू नकोस. तुला काय म्हणायचंय ते मला सांग." तो थोडा अडखळतो, मग बोलायला लागतो : "म्हणजे मॅडम, पाण्याचे नमुने मी पावसाआधी घेतले आणि पावसानंतरही घेतले, आणि फरक फक्त गढूळपणात दिसला, बाकी कशातच नाही." हेच ते वाक्य! ते आम्ही त्याला त्याच्याच हाताने लिहायला लावतो. पेन आमच्या हातात कधीच नसतं. मसुद्यावरही आम्ही फक्त समासात प्रश्न लिहितो. हे कशावरून? हा आकडा कुठला? आधीच्या परिच्छेदाशी याचा संबंध काय? उत्तरं शोधायची त्याने. यात वेळ जातो, पण पुढच्या सेमिस्टरला तेच मूल अर्धे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारून आलेलं असतं.

मग संख्याशास्त्राची मागणी वाढली. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांकडे सॉफ्टवेअर असतं, त्यातून तक्ते निघतात, पण तक्ता काय सांगतो ते कळत नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा : "पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली, म्हणजे माझं गृहीतक खरं ठरण्याची शक्यता ९५ टक्के ना?" तसं नसतं. पी-व्हॅल्यू गृहीतक खरं असण्याची शक्यता सांगत नाही, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून स्पष्ट केलं होतं. परिणामच नाही असं मानलं, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं किती संभवतं, एवढंच ती सांगते. हा एक मुद्दा समजावायला आम्ही नाणेफेकीपासून सुरुवात करतो आणि अख्खं सत्र देतो. घाई करत नाही, कारण प्रोजेक्टचा निष्कर्ष यावरच उभा असतो.

परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्यांचं गाऱ्हाणं वेगळं. "तीनदा वाचलं, तरी पेपरात आठवत नाही." इथे आम्हाला रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाने दिशा दिली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! म्हणूनच वाचून झाल्या झाल्या 'येतंय मला' असं वाटतं आणि आठवड्याने हात रिकामे राहतात. तेव्हापासून आमचं प्रत्येक सत्र कोऱ्या कागदाने सुरू होतं. मागच्या वेळचं आठवेल तेवढं लिहा, मग वही उघडा. पहिल्या दिवशी मुलं नाराज होतात. आठवत नाही हे डोळ्यांसमोर दिसणं कुणाला आवडेल? पण कुठे अडतंय ते तिथेच कळतं आणि उरलेला वेळ नेमका तिथे लावता येतो.

गटसत्रं सुरू करताना वेगळीच अडचण आली. ज्यांना गरज होती तेच यायला लाजत होते, 'कच्च्या मुलांचा वर्ग' असा शिक्का बसेल म्हणून. यावरचा उपाय १९७३ मध्येच डीॲना मार्टिन यांनी अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत शोधला होता. त्यांनी अवघड मुलं निवडली नाहीत, अवघड विषय निवडले. ज्या विषयात बरेच जण अडकतात त्याचं सत्र सगळ्यांसाठी खुलं, आणि ते चालवणार तोच विषय चांगला करून पुढे गेलेला विद्यार्थी. आम्हीही तेच केलं. वरच्या वर्षाची मुलं सत्र घेऊ लागली, त्यांना मानधन मिळू लागलं आणि हुशार मुलंही येऊन बसू लागली. मग कोण कशासाठी आलंय हे कुणी विचारेनासं झालं. आमच्या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो.

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं तेव्हा अनेकांनी विचारलं, आता तुमचं काय होणार? लिहून देणं हा आमचा धंदाच नव्हता, त्यामुळे तो बुडण्याचा प्रश्न आला नाही. कामाचं स्वरूप मात्र बदललं. संदर्भसूचीत अस्तित्वातच नसलेले लेख दिसू लागले, नावं भारदस्त आणि डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला तर काहीच उघडत नाही. आता प्रत्येक संदर्भ विद्यार्थ्याने आमच्यासमोर उघडायचा आणि त्यातलं कोणतं वाक्य आपण वापरलं ते दाखवायचं, असा नियम आहे. 'हे मशीनने लिहिलंय का' हे ओळखणाऱ्या साधनांवर आम्ही कुणाचा न्याय करत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा मुलाला शेजारी बसवून दोन प्रश्न विचारले की खरं काय ते कळतं.

गुणांची हमी आम्ही देत नाही, जाहिरातीतही नाही. एकास-एक शिकवण्याने मोठा फरक पडतो असं शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं, पण नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम बराच कमी निघाला. तरीही तो लक्षणीय आहे, आणि आमच्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

सध्या व्हायवाच्या सरावाचं काम वाढवतो आहोत. समोर दोघं बसतात, प्रोजेक्ट हातात घेतात आणि मधलंच कुठलं तरी पान उघडून विचारतात, "हा आलेख असा का वळला?" विद्यार्थ्याला उत्तर आलं नाही, तर सराव तिथेच थांबवून तो आलेख पुन्हा काढायला बसवतो.