बीपी, चालणं आणि मुंबईचा पावसाळा: माझा अनुभव

बीपीची तिसरी गोळी सुरू करायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काकू, आधी व्यायाम नीट बसवू, मग बघू." वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. तरी मला ते पटलं.

पहिलं काम बीपी मोजायला शिकण्याचं. दंडाला बांधायचं मशीन आणलं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, चालणं नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. मोजताना नुसतं बोललं तरी आकडा चढतो, आणि त्याच आकड्यांवर गोळी ठरणार असते. म्हणून यात मी कुणाचं ऐकत नाही. मशीन लावलं की घरात सगळे गप्प.

मग शिवाजी पार्कची फेरी. आधी दहा मिनिटं, हळूहळू अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं. माझ्या एका गोळीने नाडी मंद राहते, त्यामुळे ठोके मोजून वेग कळत नाही. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, ही खूण डॉक्टरांनी दिली. कट्ट्यावरच्या मैत्रिणी सोबत असल्याने ती रोज तपासली जाते!

मे महिन्यात उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. दुसरी गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढते, त्यात मुंबईचा घाम. डॉक्टरांना लगेच सांगितलं. त्यांनी त्या गोळीचा डोस कमी केला. ही तक्रार वयाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच थांबतं.

खरा प्रश्न जूनमध्ये आला. निसरड्या फुटपाथवर चालायचं कसं? फिजिओथेरपिस्टने भिंतीला पाठ टेकून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं थांबायला शिकवलं. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यात अशा स्थिर व्यायामाने वरचं बीपी सरासरी आठने उतरलेलं दिसलं, चालण्यासारख्या व्यायामापेक्षाही जास्त. पूर्ण पद्धत दोन-दोन मिनिटं चार वेळा, मध्ये विश्रांती. गुडघ्यांमुळे मी कमी वाकते आणि कमी वेळ थांबते. श्वास मात्र अजिबात रोखायचा नाही, कारण त्याने बीपी एकदम उसळतं. त्यानंतर ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, तोलासाठी.

गणपतीनंतर वही दाखवली. घरचे बहुतेक आकडे १३५/८५ च्या खाली आले होते. तिसरी गोळी टळली. आधीच्या दोन चालूच आहेत आणि त्या मी मनाने सोडणार नाही. सकाळी आकडा १८०/११० च्या वर दिसला, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनचीही वाट न बघता थेट हॉस्पिटल.