‘ओ निगेटिव्ह’मधलं ‘निगेटिव्ह’ कुठे जात होतं?

“मी ओ निगेटिव्ह म्हणते, तिकडे नुसतं ओ ऐकू जातं,” कॅज्युअल्टीच्या सिस्टर म्हणाल्या. ब्लड बँकेतला टेक्निशियन प्रत्येक गट पुन्हा विचारून घ्यायचा, म्हणून निभावत होतं. तक्रार ‘फोन खराब’ अशी नोंदवलेली. हे फोन संगणकांच्याच नेटवर्कवर चालणारे. ते बदलूनही झाले होते.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते फार मोलाचं ठरलं. त्यांना पलीकडचं स्वच्छ ऐकू यायचं, तुटायचा तो फक्त त्यांचा आवाज. म्हणजे अडचण कॅज्युअल्टीकडून सर्व्हर रूमकडे जातानाच. त्यांचा फोन ज्या नेटवर्क स्विचला जोडलेला, त्याच स्विचवर शेजारच्या सीटी स्कॅनचा कन्सोल होता. त्याचा पोर्ट १ गिगाबिटचा, पण अपलिंक, म्हणजे स्विचकडून सर्व्हर रूमकडे जाणारा दुवा, जुन्या मीडिया कन्व्हर्टरमुळे (तांब्याची तार आणि फायबर जोडणारी डबी) १०० मेगाबिटवर अडकलेला.

मॉनिटरिंगच्या ग्राफवर अपलिंक निवांत दिसत होता. पण तो ग्राफ ५ मिनिटांची सरासरी दाखवतो. सीटीचा लोंढा काही मिलिसेकंदांत बफर (स्विचची तात्पुरती साठवण) भरून टाकतो, त्याचा तिथे मागमूसही उरत नाही. मी आउटपुट ड्रॉप्सचा, म्हणजे जागा नसल्यामुळे स्विचने टाकून दिलेल्या डेटाच्या तुकड्यांचा (पॅकेटांचा), आकडा बघत बसलो. एखाद्या पेशंटच्या प्रतिमा सर्व्हरकडे निघाल्या की तो भराभर चढायचा.

स्विचच्या कॉन्फिगरेशनमध्ये क्यूओएस, म्हणजे कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं सेटिंग, आधीच चालू होतं. ‘एमएलएस क्यूओएस’ एवढी एकच ओळ, बाकी काही नाही. मग दोन्हीकडे वायरशार्क, म्हणजे पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं. फोनमधून निघालेल्या पॅकेटवर डीएससीपी ४६, म्हणजे आवाजाची खूण, व्यवस्थित होती. अपलिंकवर तेच पॅकेट ० घेऊन बाहेर पडत होतं. या जातीच्या स्विचवर क्यूओएस नुसतं चालू केलं की कुठल्याच पोर्टवर विश्वास ठेवला जात नाही आणि आलेली खूण पुसली जाते. बंद असतं तर निदान खूण तरी तशीच पुढे गेली असती. अर्धवट सेटिंग करून निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. इथे त्याची किंमत पेशंटने मोजली असती.

फोनच्या पोर्टांवर आणि अपलिंकवर ‘ट्रस्ट डीएससीपी’ दिलं, अपलिंकवर ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ लावलं, म्हणजे आवाजाची रांग सगळ्यांच्या आधी सुटणार. मुख्य (कोअर) स्विचवरही विश्वासाची तीच ओळ घातली. संगणकांचे पोर्ट मुद्दाम वगळले.

रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी विचारलं, “आमच्या प्रतिमाही त्याच रांगेत घ्या ना.” मी नाही म्हणालो. सीटीचं हरवलेलं पॅकेट टीसीपी (पोच तपासणारी पाठवणीची पद्धत) पुन्हा मागवतो, प्रतिमा थोडी उशिरा येते पण पूर्ण येते. आवाज युडीपीवरून, म्हणजे पोच न तपासता, जातो. दर सेकंदाला ५० पॅकेट, त्यातलं जे हरवलं ते गेलंच. आणि जी ७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एक कॉल एका दिशेला सेकंदाला जेमतेम ८७ किलोबिट घेतो. एवढी वाट आधी मोकळी करून दिली तर सीटीचं काय बिघडणार? डॉक्टरांना ते पटलं.

सीटीचा मोठा स्टडी (एका तपासणीच्या सगळ्या प्रतिमा) पाठवायला सांगितला आणि सिस्टरना ब्लड बँकेला फोन लावायला लावला. ड्रॉप्स अजूनही चढत होते, पण सगळे साध्या रांगांमधले. आवाजाच्या रांगेत एकही नाही. टेक्निशियनने सगळे गट पहिल्याच खेपेला बरोबर वाचून दाखवले. कॉन्फिगरेशन सेव्ह केलं आणि मीडिया कन्व्हर्टर बदलायचं कोटेशन त्याच दुपारी ऑफिसात दिलं.