रात्रपाळी कोणाची?

मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांसाठी आम्ही पाच मित्र फोंड्याहून जे छोटे संकेतस्थळ चालवतो, त्याचे भाडे वर्गणीतून कसेबसे सुटते. पण गेल्या श्रावणात ते पहाटे तीनला कोलमडले, तेव्हा पैशापेक्षा जागा माणूस हवा होता. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, पाहिला, तर क्रॉलर, म्हणजे आपोआप पाने उचलत फिरणारे प्रोग्राम, प्रत्येक जुन्या कमिटचे, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचे, पान मागत होते, आणि असे पान सर्व्हरला त्या क्षणी नव्याने रचावे लागते. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते, कारण पाळ्या आधीच ठरलेल्या असतात. आमच्याकडे तेव्हा पाळी एकट्या माझीच होती. संकेतस्थळ ज्यावर चालते ते कोड ठेवण्याचे सॉफ्टवेअर, २०२२ मध्ये गिटी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळे झालेले फोर्जेयो, आम्हांला फुकट मिळते, डिस्क मात्र नाही. आता वर्गणीबरोबर रात्रीही वाटून घेतल्या आहेत. चतुर्थीची रात्र अजून कोणी घेतलेली नाही.